आधारांक एक

निकाल मंगळवारी सकाळी अकराला लागणार होता. त्या दिवशी मध्यभारत भूरसायन संस्थेत कुणी कामाला हात लावला नाही. नागपूरच्या बाहेर, अमरावती रस्त्यावरच्या त्या दुमजली इमारतीत सगळे कँटीनमध्ये जमले होते आणि चहा गार होऊ देत फोनकडे बघत होते. डॉ. शरयू उमाठे तेवढी वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत, दार लावून बसली होती. वय सत्तावन्न. त्यातली एकतीस वर्षं तिने जमिनीखालच्या पाण्याचं रसायन तपासण्यात घालवली होती.

अकरा वाजून चार मिनिटांनी पडद्यावर तिचं नाव आलं. डाव्या बाजूला जुने आकडे होते. एकूण संदर्भ दोन हजार एकशे सतरा, एच-निर्देशांक चौतीस. म्हणजे तिचे चौतीस शोधनिबंध असे होते की त्यांतल्या प्रत्येकाचा इतरांनी किमान चौतीस वेळा उल्लेख केला होता. या आकड्यावर तिला दोनदा बढती मिळाली होती, आणि परिषदांना बोलावणी येत ती याच्याच जोरावर. उजव्या बाजूला नवा आकडा होता. आधारांक एक.

तिने पान पुन्हा उघडून पाहिलं. एकच होता.

जुना हिशोब मोडीत निघाल्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. एखाद्या संशोधकाचं काम किती मोलाचं हे ठरवायला जगभर संदर्भ मोजत असत. मोठमोठ्या संदर्भकोशांत प्रत्येक निबंधाची नोंद असे, कुणी कुणाचा उल्लेख केला याचं जाळं असे, आणि त्या जाळ्यातल्या गाठी मोजल्या की माणसाची किंमत निघे. पुढे यंत्रं निबंध लिहू लागली. एक निबंध तासाभरात तयार होई आणि त्याच्या शेवटी दीडदोनशे संदर्भ असत, कारण यंत्राला संदर्भ देणं फुकट होतं. कुणीही न वाचलेल्या निबंधांत कुणीही न वाचलेले निबंध उद्धृत होऊ लागले. आकडे फुगत गेले, शेवटी त्यांना अर्थच उरला नाही.

आधारांकाची युक्ती साधी होती, फक्त तिला अफाट गणनशक्ती लागे. समजा 'ब' निबंधाने 'अ' निबंधाचा संदर्भ दिला आहे. यंत्राला 'अ' सोडून बाकी सगळं विज्ञान शिकवायचं आणि विचारायचं, की आता तू 'ब' लिहू शकतोस का? जवळपास तसाच 'ब' लिहून झाला, तर 'अ'चा संदर्भ नुसता शोभेचा होता. काही केल्या 'ब' जमेना, त्याचा गाभाच हरवला, तरच 'ब' खऱ्या अर्थाने 'अ'वर उभा आहे. घरातला एकेक खांब काढून छत खाली येतं का पाहावं, तसं. जगातल्या प्रत्येक निबंधाचा प्रत्येक संदर्भ असा काढून पाहायला यंत्रांना चौदा महिने लागले होते.

शरयूच्या दोन हजार एकशे सतरा खांबांपैकी दोन हजार एकशे सोळा काढले, तरी कुठेच काही पडलं नव्हतं.

दारावर टकटक झाली. निखिलेश गावंडे आत आला. दहा वर्षांपूर्वी तिच्याच हाताखाली त्याने पीएचडी केली होती. आता तो संस्थेचा उपसंचालक होता आणि मूल्यमापनाचं काम त्याच्याकडे होतं.

"मॅडम, पाहिलंत?"

"पाहिलं. तुझा?"

"तीन." तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच राहिला. "खाली बाराजणांना शून्य आलंय. त्यांच्या प्रयोगशाळा मार्चअखेर बंद होतील. एक म्हणजे तुम्ही राहिलात, मॅडम. नियम स्पष्ट आहे, शून्याच्या वर असलं की प्रयोगशाळा राहते."

शरयूने पडद्याकडे बोट केलं. "तू एकसष्ट वेळा माझा संदर्भ दिला आहेस, निखिलेश. एकसष्टही शोभेचे निघाले."

निखिलेशने खुर्चीवरचा हात काढून घेतला.

"वाचले होतेस का माझे निबंध?"

"सारांश वाचायचो," तो शेवटी म्हणाला. "खोटं नाही बोलत. तुम्ही गाइड होता, तुमचं नाव घालायचं असतं. सगळेच घालतात."

तिला राग यायला हवा होता. पण तो गेल्यावर तिने स्वतःची यादी उलट्या बाजूने उघडली, तिने कुणाकुणाचा आधार घेतला होता त्याची. तिचे गुरू डॉ. देवपुजारी. प्रत्येक निबंधात पहिला संदर्भ त्यांचा. एकूण अठ्ठावीस, सगळे शोभेचे. देवपुजारी सरांनी आपला मोठा प्रबंध तिला स्वतःच्या हाताने दिला होता. नंतर दोनदा विचारलंही होतं, "वाचलास का गं?" दोन्ही वेळा ती हो म्हणाली होती. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

एकतीस वर्षं आपण एका भरलेल्या सभागृहात बोलत होतो असं तिला वाटत आलं होतं. आता कुणीतरी दिवे लावले होते आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. बहुधा पहिल्यापासूनच.

मग तिने त्या एकावर बोट ठेवलं.

लेखकाचं नाव द. म. तोडसाम. पद, प्रयोगशाळा सहायक, पाणी तपासणी प्रयोगशाळा. बारा वर्षांपूर्वी पाणी तपासणाऱ्या तंत्रज्ञांचं एक छोटं संमेलन झालं होतं, त्याच्या पुस्तिकेतलं तीन पानी टिपण. मराठीत. त्या टिपणाचा संदर्भ आजवर जगात कुणीही दिलेला नव्हता. शीर्षक होतं, 'सारणी तीनमधील एका चुकीबद्दल'.

सारणी तीन तिचीच होती.

सतरा वर्षांपूर्वी पैनगंगेच्या खोऱ्यातल्या त्रेचाळीस विहिरी तपासून तिने एक सूत्र मांडलं होतं. त्या भागातल्या खडकात फ्लोराइड आहे. पाणी जितकं खोल आणि जितका काळ खडकाला लागून राहील, तितकं फ्लोराइड त्यात उतरतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं, की वर्षानुवर्षं ते पाणी पिणाऱ्यांचे दात पिवळे पडतात, पुढे हाडं ताठरतात, पाठीला बाक येतो. मात्र पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. म्हणून कॅल्शियम मोजून सांगता येतं, की या गावात किती फुटांपर्यंत बोअर मारली तर पाणी पिण्यासारखं लागेल. हे तिचं सूत्र, आणि ते सारणी तीनमधल्या आकड्यांवर उभं होतं.

तोडसामांनी लिहिलं होतं, की त्यांच्या भागात सूत्र चुकीचं उत्तर देतं. सूत्राप्रमाणे दोनशे फुटांपर्यंत चालेल अशा ठिकाणी फ्लोराइड पावणेचार लागलं होतं. त्यांनी चोवीस विहिरी स्वतः तपासल्या, त्यांत शरयूच्या सारणीतल्याही होत्या, आणि कारण शोधून काढलं. शरयूच्या त्रेचाळीसपैकी अकरा विहिरींचं कॅल्शियम अडीच पटीने कमी लिहिलं गेलं होतं.

शरयूने कपाटातून जुन्या वह्या काढल्या. अर्ध्या तासात तिला ते पान सापडलं. अकरा नमुने तिने दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेतले होते. काही प्रयोगशाळा कॅल्शियम थेट सांगतात, काही पाण्याच्या जडपणाच्या हिशेबात सांगतात. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला अडीचने भागावं लागतं. तिने भागलं होतं. पण त्या प्रयोगशाळेच्या अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, की आकडे थेट कॅल्शियमचेच आहेत.

चूक तिची होती. तिचा एकमेव वाचक ती चूक सांगायला आला होता.

दुसऱ्या दिवशी निखिलेशचा फोन आला. आवाजात आनंद होता. "मॅडम, सरकारच्या भूजल नियोजक यंत्राने तुमचं सूत्र निवडलंय. पैनगंगेकाठच्या तीनशे चाळीस गावांत बोअरवेल व्हायच्यात. नियोजक आता आधारांक असलेलंच संशोधन वापरतो, आणि या विषयावर अख्ख्या देशात आधारांक असलेला निबंध एकच निघाला, तुमचा. पंधरा फेब्रुवारीला पहिली बोअर."

शरयूने डोळे मिटले. "निखिलेश, त्या सूत्रात चूक आहे."

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"पण यंत्राने आधार दाखवलाय."

"यंत्राला एवढंच कळतं की तोडसामांचं टिपण माझ्या निबंधाशिवाय लिहिता आलं नसतं. ते बरोबरच आहे. भिंतीला टेकून उभा राहणारा आणि भिंत ढकलणारा, दोघांचेही हात भिंतीलाच असतात."

"मग नियोजकवाल्यांना कळवा."

तिने कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. निबंध आधारित आहे, लेखकाच्या व्यक्तिगत मताने निवड बदलत नाही. निबंधात दुरुस्ती छापावी, तर तो ज्यात आला होता ते नियतकालिक आठ वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं. एकच वाट उरत होती, निबंध मागे घेणं.

"मागे घेतलात तर आधारांक शून्य," निखिलेश म्हणाला. "तुमच्या निवृत्तीला तीन वर्षं आहेत, मॅडम. आणि एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. मागे घेतलेल्या निबंधावर जे काही उभं असतं, त्यावरही आपोआप 'निराधार' शिक्का बसतो. त्या तोडसामांच्या टिपणावरही."

ही गोष्ट तिला खरंच माहीत नव्हती. तिने सोमवारी पांढरकवड्याची बस पकडली.

तिथून पुढे दुसऱ्या बसने मांडवदरा नावाच्या गावात उतरेपर्यंत दुपार झाली. सगळ्या वाटेत ती ते तीन पानी टिपण वाचत होती. आकडे मोजून, सारणीतली प्रत्येक ओळ तपासून. कुणाचंही लिखाण इतक्या सावकाश तिने किती वर्षांत वाचलं नव्हतं ते तिला आठवेना.

दौलत तोडसाम घरासमोरच्या मांडवाखाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. बारीक अंगाचा, जाड चष्म्याचा माणूस. शरयूने नाव सांगितलं तेव्हा त्यांनी हातातल्या शेंगा सुपात ठेवल्या, हात पुसले आणि उभे राहिले.

"उमाठे मॅडम," ते म्हणाले. "त्रेचाळीस विहिरीवाल्या."

"हो."

"बसा जी." त्यांनी आतून खुर्ची आणली. "सुगंधा, पानी आन. मॅडम आल्या नागपूरवरून."

त्यांची पत्नी तांब्या घेऊन आली. तिची पाठ कमरेपासून वाकलेली होती आणि मान वर करायला तिला सगळं अंग मागे न्यावं लागत होतं. शरयूने तांब्या घेतला. तोडसामच म्हणाले, "माहेरच्या बोअरचं पानी. सूत्राच्या आधीचं हाय ते, तुमचा दोष नाई त्यात."

मग म्हणाले, "माहे कागद भेटले नव्हते का तुमाले? सहा पत्रं टाकली मी. दोन ई-मेल बी."

शरयूच्या डोळ्यांपुढे कुठलंच पत्र येईना. वर्षाला शेकड्याने येणाऱ्या पत्रांत ती सहा कुठेतरी गेली असणार. "आली असतील," ती म्हणाली. "मी उघडली नाहीत. कारण काही नाही. उघडली नाहीत, एवढंच."

"मले वाटलं, लहान मानसानं चूक काढली म्हनून राग आला असंल."

"राग यायला आधी वाचावं लागतं, तोडसामजी."

ते हसले नाहीत. शेंगा पुन्हा हातात घेऊन त्यांनी एक सोलली. "आता वाचलं का?"

"वाचलं. तुमचं बरोबर आहे. अकराच्या अकरा विहिरी. एक विचारू? दुसऱ्या पानावर तुम्ही चोवीस विहिरी म्हणता. सारणीत ओळी तेवीसच आहेत."

तोडसामांचा हात थांबला. ते उठून घरात गेले. आत पेटी सरकवल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा हातात एक वही आणि ती जुनी पुस्तिका होती. त्यांनी बोटाने ओळी मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"खैरगुड्याची राहिली," ते म्हणाले. "शाळेजवळची. वहीत हाय, छापताना सुटली." त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसू लागला होता. "बारा वर्षं झाली मॅडम, आन् कोनी तरी मोजलं."

मग शरयूने ज्यासाठी आली होती ते सांगितलं. नियोजक, तीनशे चाळीस गावं, निबंध मागे घेण्याचा एकच उपाय, आणि त्यांच्या टिपणावर बसणारा शिक्का. तोडसाम खाली बघत ऐकत होते.

"निराधार म्हंजे काय लिहितीन त्याच्यावर?"

"तेवढाच शब्द. तुमच्या नावासमोर."

पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा एक कोपरा दुमडला होता, तो त्यांनी अंगठ्याने सरळ केला. "मी बारावी नापास मानूस," ते म्हणाले. "बाटल्या धुवाले लागलो होतो तिथं. छापून आलेलं माहं हे येवढंच हाय. पोरीच्या लग्नात पाव्हन्यायले दाखवलं होतं." त्यांनी पत्नीकडे पाहिलं. ती चुलीपाशी पाठमोरी बसली होती, आणि पाठमोरी असताना तिचा बाक जास्तच दिसत होता. "घ्या मागं. इचारता काहून? ते पानी लेकरं पेतीन."

शरयूने तिथेच, मांडवाखाली बसून, फोनवर अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'माझी चूक. ती श्री. दौलत तोडसाम यांनी बारा वर्षांपूर्वी दाखवून दिली होती.' यंत्राने विचारलं, नक्की? तिने हो म्हटलं. परतीच्या बसमध्ये तिचा आधारांक शून्य झाला, आणि बस नागपुरात शिरण्याआधी टिपणावर शिक्का बसला.

संस्थेत कुणी तिला काही बोललं नाही. तेच कठीण गेलं. बाकीचे बारा शून्यवाले एकमेकांत बसत, यंत्राला शिव्या देत; शरयूने मात्र शून्य स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं, त्यामुळे ती त्यांच्यातलीही नव्हती. जिन्यात भेटणारे लोक घड्याळाकडे बघत. प्रयोगशाळेची चावी तिने मार्चअखेरची वाट न पाहता निखिलेशच्या टेबलावर ठेवली.

"करायला नको होतं," तो म्हणाला. पण तिच्याकडे बघून नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. खोऱ्यातल्या एका गावची सरपंच बोलत होती. "मॅडम, आमची बोअर मंजूर होती. आता यंत्रावर 'सूत्र उपलब्ध नाही' असं येते. ऑफिसवाले म्हणतात, तुमच्यामुळं थांबलं. आम्ही उन्हाळ्यात काय प्यावं, ते सांगा."

विषारी विहिरी थांबल्या होत्या, पण चांगल्याही थांबल्या होत्या. तिने नियोजनाच्या कार्यालयात चार खेपा घातल्या तेव्हा एका अधिकाऱ्याने नियमावलीतलं एक कलम काढून दिलं. आधारित संशोधन उपलब्ध नसल्यास, प्रत्यक्ष मोजून काढलेली आणि दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे तपासून सही केलेली नवी सारणी घेता येईल. सतरा वर्षांपूर्वीचे आकडे चालणार नव्हते. एव्हाना पाण्याची पातळीच खाली गेली होती. त्रेचाळीस विहिरी पुन्हा मोजायला हव्या होत्या. एप्रिलअखेरपर्यंत.

तिने साठवलेली सगळी रजा टाकली आणि मांडवदऱ्यात शाळेमागची एक खोली भाड्याने घेतली.

तोडसाम पहिल्या नऊ विहिरींपर्यंत आले. मग त्यांचे गुडघे धरले. त्यानंतर ती एकटीच जाऊ लागली. सकाळी सहाला निघायचं, मिळेल त्या वाहनाने गाव गाठायचं, बाटली तीनदा त्याच पाण्याने विसळायची, भरायची, दोरीने खोली मोजायची, वहीत लिहायचं. पहिल्या वेळी ती जीपमध्ये बसून राहिली होती आणि नमुने विद्यार्थ्यांनी आणले होते. त्या विहिरी तिने कधी पाहिल्याच नव्हत्या, हे तिला आता समजत होतं. एकीच्या काठावर चिंच होती. एक बुजून गेली होती आणि तिच्यात बाभळी उगवल्या होत्या; तिच्याऐवजी तिने शेजारच्या शेतातली मोजली. नोंदीतल्या सव्विसाव्या विहिरीच्या गावात माणसंच उरली नव्हती. कुलूप लावलेली घरं आणि एक बकरी. तिथे ती दुपारभर बसली, कारण परतीची गाडी पाचला होती, आणि तिच्या लक्षात आलं की तीन दिवसांत आपण एकही पूर्ण वाक्य बोललेलो नाही.

संध्याकाळी ती खोलीवर भाकरी आणि पिठलं करून खाई. फोन वाजत नसे. नागपुरात असतानाही तो कामाशिवाय वाजत नव्हताच. पण तिथे रोज कुठून तरी संदर्भाची सूचना येई, 'आज आपला उल्लेख सात ठिकाणी झाला', आणि ती वाचली की दिवस कुणाच्या तरी सोबतीत गेल्यासारखा वाटे. आता सूचना बंद झाल्या होत्या. त्या कशाची सोबत होत्या, असं ती स्वतःला विचारी, आणि विचारूनही तिला त्या हव्याशा वाटत. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

मार्चच्या मध्यात तपासणीची रसायनं संपत आली, तेव्हा तिने संस्थेच्या भांडारात फोन करून पाहिला. दोन दिवसांनी कंडक्टरने तिला एक खोकं आणून दिलं. आत महिनाभर पुरतील एवढ्या बाटल्या होत्या, भुशात नीट रचलेल्या. चिठ्ठी नव्हती. पत्ता निखिलेशच्या अक्षरात होता.

एप्रिलच्या चोवीस तारखेला त्रेचाळिसावी विहीर झाली. चार दिवस खोलीत बसून तिने निबंध लिहिला. यंत्राला विचारलं असतं तर पाऊण तासात झाला असता. तिने तो हाताने लिहिला, मराठीत, चौदा पानं, आणि लेखकांच्या जागी नावं घातली, दौलत महादू तोडसाम, शरयू उमाठे.

पुढे जे व्हायचं ते झालं. नियोजकाने सारणी घेतली. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या सरपंचबाईंच्या गावात बोअर एकशे वीस फुटांवर थांबवली, आणि फ्लोराइड निघालं शून्य पूर्णांक आठ. निबंध संदर्भकोशात चढला. त्याचा संदर्भ कुणी दिला नाही, शरयूचा आधारांक शून्यच राहिला आणि ती शून्यावरच निवृत्त झाली. पण ज्या दुपारी ती चौदा पानं घेऊन मांडवाखाली गेली, तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं होतं, आणि दुसऱ्याची तपासणी व्हायची होती.

तोडसामांनी कागद दोन्ही हातांनी घेतले.

"लांब आहे," शरयू म्हणाली. "सारांशात सगळं आलंय. तेवढा वाचून सही केलीत तरी..."

"सारांश मंग पायतो. आधी हे."

त्यांनी पहिलं पान वर धरलं. ते हळू वाचत. बोट ओळीखालून सरके, आकडा आला की थांबे, शरयूने आणलेल्या मोजणीच्या वहीत काहीतरी ताडून पाही, मग पुढे जाई. सुगंधाबाईंनी चहा आणून ठेवला. शरयूने तो घेतला आणि प्यायची विसरली. आपण लिहिलेलं कुणी समोर बसून वाचत आहे, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, आणि अशा वेळी हात कुठे ठेवायचे, बघायचं कुठे, हे तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या पानाला त्यांना वीस मिनिटं लागली. चौथ्या पानावर ते नुसतेच 'हं' म्हणाले. तिने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं.

ऊन मांडवाच्या काठीवरून खाली सरकलं. सातव्या पानावर तोडसामांचं बोट थांबलं. ते मागच्या पानावर गेले, तिथली एक ओळ पुन्हा वाचली, पुन्हा पुढे आले.

"मॅडम," ते म्हणाले, "हे कसं काय लिहिलं?"

शरयू खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.